बटण दाबल्यावर कोण येते

आत्यासाठी मनगटावर बांधायचे किंवा गळ्यात घालायचे एखादे एसओएसचे, म्हणजे संकटात मदत मागवण्याचे, बटण घ्यावे, असे आम्हा भाचरांमध्ये ठरले आणि आठवड्याभरात कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दुव्यांचा ढीग साचला. बंगळूरच्या चुलतभावाने ॲपल वॉचचे प्रकार सुचवले, न्यू जर्सीतल्या बहिणीने तिच्या शेजारणीच्या गळ्यात असते तसले लॉकेट सुचवले, आणि कुणीतरी दीड हजार रुपयांच्या एका घड्याळाचे चित्र टाकून 'यात पण एसओएस आहे की' असा शेरा मारला. आत्या ८१ वर्षांची आहे. हायस्कुलात गणित शिकवून ती निवृत्त झाली, लग्न केले नाही, आणि सांगलीत विश्रामबागेत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. तिला ही योजना सांगितली तेव्हा ती म्हणाली, "गुराच्या गळ्यात घंटा बांधतात, तशी माझ्या बांधणार आहात का?" आणि आम्ही काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न आला, "बरं, बांधली. वाजली तर ऐकणार कोण?"

त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गटावरच्या एकाही दुव्यात नव्हते.

विषय निघाला होता तो तिच्याच गल्लीतल्या एका घटनेवरून. तिची एक मैत्रीण रात्री न्हाणीघरात घसरून पडली आणि सकाळी कामाच्या मावशी येईपर्यंत तिथेच पडून राहिली. हाड मोडले नव्हते, डोक्यालाही मार नव्हता, तरी रुग्णालयातला मुक्काम लांबला, कारण पडण्यापेक्षा पडून राहण्यानेच तिचे अधिक हाल झाले होते. तासन्‌तास एकाच कुशीवर कठीण फरशीवर पडलेल्या म्हाताऱ्या शरीरात दबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटू लागतात, त्यांतली द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांना जड जातात, अंगातले पाणी कमी होत जाते आणि दबलेल्या जागी कातडीला जखमा होतात. ओल्या फरशीवर अंग गार पडते, तेही सांगलीच्या थंडीत थोडेथोडके नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत मोठे असते. हा आकडा मोठा असला तरी आत्याच्या निर्णयाला त्याचा फारसा उपयोग नव्हता. उपयोग झाला तो केंब्रिजमधल्या एका लहानशा अभ्यासाचा.

जेन फ्लेमिंग आणि कॅरल ब्रेन या दोघींचा हा अभ्यास २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. वयाची नव्वदी ओलांडलेल्या ११० जणांचा त्यांनी वर्षभर मागोवा घेतला. त्यांतले ६० टक्के लोक त्या वर्षात पडले. पडलेल्यांपैकी ८० टक्के लोकांना निदान एकदा तरी आपले आपण उठता आले नाही, आणि ३० टक्के लोक तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिले. इतके वाचून कुणीही म्हणेल, की म्हणूनच बटण हवे. पण यांतल्या अनेकांकडे मदत मागवण्याचे साधन होतेच आणि पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगांत ते वापरलेच गेले नव्हते. काहींनी ते अंगावर घालायची सवयच लावून घेतली नव्हती, काहींना त्याचा उपयोग पटला नव्हता, काहींनी समजून उमजून दाबले नाही आणि काहींना दाबता आले नाही. बटण असलेल्या घरातही माणूस तासभर जमिनीवर पडून राहू शकतो, हे एकदा मनात ठसल्यावर मी कोणते यंत्र चांगले हा शोध बाजूला ठेवला आणि आत्याचा प्रश्न आधी घेतला.

ही कल्पना मुळात जिथून आली तिथे त्या प्रश्नाचे उत्तर यंत्राबरोबरच मिळते. बोस्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिबनर यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत अशी सेवा उभी केली. गळ्यात एक बटण, घरात लँडलाइनला जोडलेला एक डबा आणि पलीकडे दिवसरात्र माणूस बसलेले केंद्र, अशी ती रचना होती. आजही तिकडे दरमहा वर्गणी भरली, की बटण दाबताच केंद्रातला माणूस डब्यातून बोलतो, शेजाऱ्याला किंवा रुग्णवाहिकेला कळवतो, आणि पुष्कळ घरांच्या बाहेर आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या पेटीत किल्ली ठेवलेली असते. न्यू जर्सीच्या बहिणीने सुचवलेले लॉकेट या साखळीचे एक टोक होते. बाकीची साखळी तिकडेच ठेवून नुसते लॉकेट सांगलीत आणले, तर ते दागिना म्हणूनही कुणी घालणार नाही.

आपल्याकडे काय आहे, तेही पाहू. ११२ हा देशभराचा आपत्कालीन क्रमांक आहे आणि महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पण ती माहिती, मार्गदर्शन आणि आधार यांसाठी आहे. रात्री न्हाणीघरात पडलेल्या माणसाने तिथे फोन करायचा नसतो. मोठ्या शहरांत ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या खाजगी कंपन्या बटणासह वर्गणीच्या योजना विकतात आणि पुण्या-मुंबईत त्यांचा विचार जरूर करावा. मीही एका कंपनीला फोन लावला. बोलणारी मुलगी नम्र होती, तिला आपल्या यंत्राची इत्थंभूत माहिती होती. मात्र सांगलीत रात्री अडीच वाजता तुमचा कोणता माणूस घरी जाईल, या प्रश्नावर तिने "आम्ही तुम्हालाच फोन करून कळवू" असे सांगितले. म्हणजे वर्गणी भरून मी पुण्यात झोपेतून जागी होणार आणि सांगलीला निघणार.

विश्रामबाग हे सांगली आणि मिरज यांच्या मधले. मिरजेची ख्याती तर रुग्णालयांसाठीच आहे, त्यामुळे आत्याच्या घरापासून डॉक्टर दूर आहे असे कुणी म्हणणार नाही. दूर होते ते तिचे दार. तळमजल्यावर एकटी राहणारी बाई म्हणून गेल्या अनेक वर्षांत तिने त्या दाराची तटबंदी केली होती. बाहेर लोखंडी जाळीचे दार, त्याला आतून कुलूप. आत लाकडी दार, त्याला लॅच, मध्यावर आडवी कडी, आणि पायाशी फरशीतल्या भोकात उतरणारी पितळी खिटी. ही खिटी ती रात्री वाकून, एका हाताने भिंतीचा आधार घेऊन लावत असे. खरे तर पडण्याचा सर्वांत मोठा धोका रोज रात्री त्या वाकण्यातच होता, पण ते सांगायची सोय नव्हती. अशा घरात बटण दाबले गेले, फोन लागला, रुग्णवाहिका दाराशी आली, तरी बाहेरची माणसे जाळीतून हाका मारत राहणार आणि शेवटी कुणीतरी सुतार शोधायला जाणार.

म्हणून पहिला खर्च यंत्रावर झालाच नाही. सुताराला बोलावून खिटी काढली आणि लाकडी दाराला दोन्ही बाजूंनी किल्लीने उघडणारे चांगले कुलूप बसवले. जाळीच्या दाराचे आतले कुलूप काढून तिथेही तशीच सोय केली. दोन्ही किल्ल्यांचा एक जुडगा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेला. ते बँकेतून निवृत्त झालेले पती-पत्नी आहेत आणि आत्याशी त्यांचे तीस-एक वर्षांचे जाणे-येणे आहे. आडव्या कडीवर मात्र वाद झाला. ती लावली तर किल्लीचा काही उपयोग नाही आणि न लावता आत्याला झोप येत नाही. "चोर आला तर काय बटण दाबू?" असे तिने विचारले. खरे म्हणजे त्याही वेळी दाबायला हरकत नाही, आणि हे उत्तर तिला अनपेक्षितपणे पटले. बटण पडण्यासाठी आहे म्हटल्यावर ते म्हातारपणाची खूण वाटत होते. चोरासाठीही आहे म्हटल्यावर त्याला थोडी प्रतिष्ठा आली. कडी अजून दारावर आहे, पण ती आता फक्त दुपारी लागते.

एवढे झाल्यावर यंत्राकडे वळणे शक्य झाले आणि निवड बरीच सोपी झाली, कारण आता प्रत्येक यंत्राला विचारायचा प्रश्न ठरला होता: हे वरच्या मजल्यावर कसे पोहोचते?

स्वस्त घड्याळे इथेच बाद झाली. त्यांचा एसओएस बहुधा ब्लूटूथवर चालतो, म्हणजे घड्याळ स्वतः फोन करत नाही, जवळच्या मोबाइलला करायला सांगते. आत्याचा मोबाइल दिवसातला निम्मा वेळ दिवाणखान्यात चार्जिंगला असतो. तिथून न्हाणीघरापर्यंत दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट आहे, आणि ब्लूटूथची मोकळ्या जागेतली नेहमीची मजलच दहा मीटरच्या आसपास. शिवाय या घड्याळांवर दिसणारे रक्तदाब आणि प्राणवायूचे आकडे बहुतेक वेळा वैद्यकीय उपकरणाच्या कसोटीवर तपासलेले नसतात. माणूस मात्र त्या आकड्यांवर विश्वास ठेवून गोळी घेतो किंवा टाळतो, ही मला पडण्याइतकीच काळजीची गोष्ट वाटते.

दुसरा गट स्वतःचे सिमकार्ड असलेल्या लॉकेटांचा आणि मनगटी बटणांचा. इथे खरेदी करणाऱ्याने एक बारकी चौकशी केलीच पाहिजे, ती म्हणजे यंत्र कोणत्या नेटवर्कवर चालते याची. बाजारात अजूनही टूजीवर चालणारी स्वस्त यंत्रे आहेत आणि जिओचे जाळे सुरुवातीपासून फोरजीचे आहे. तिथे टूजी नाहीच. जिओचे सिम घातलेले टूजी यंत्र हे निव्वळ प्लॅस्टिक. अमेरिकेत २०२२ साली मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी सेवा बंद केली, तेव्हा तिथल्या अनेक वृद्धांची अशी जुनी यंत्रे एका झटक्यात बदलावी लागली होती. म्हणून फोरजी आणि त्यावरून आवाजी फोन, म्हणजे व्होल्टे, दोन्ही चालते का, हे दुकानातच सिम घालून पाहावे. मग रिचार्ज येतो. ज्या सिमवरून महिनोन्‌महिने कुणी बोलत नाही, त्याचा रिचार्ज कधी संपला हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएससाठीचे, ३६५ दिवसांपर्यंत मुदतीचे रिचार्ज देण्याची तरतूद केली, त्याचा अशा वेळी चांगला उपयोग होतो. मात्र यंत्राला ठिकाण कळवण्यासाठी इंटरनेट लागत असेल तर त्या रिचार्जने भागत नाही.

तिसरा गट नामवंत घड्याळांचा. ॲपलने २०१८ साली सिरीज ४ या घड्याळात पडणे ओळखण्याची सोय आणली, आणि सॅमसंगच्या घड्याळांतही ती आता असते. ॲपलचे घड्याळ जोडायला आयफोन लागतो, सॅमसंगच्या नव्या घड्याळांना अँड्रॉइड लागतो. आत्याकडे कळांचा साधा फोन आहे आणि तो बदलायची तिची इच्छा नाही. त्या साध्या फोनचीही एक गोष्ट सांगायला हवी: २०१७ पासून भारतात विकायच्या मोबाइलवर आपत्कालीन सोय असण्याचा नियम झाला आणि साध्या फोनवर ती ५ किंवा ९ ही कळ दाबून धरल्यावर चालते. आमच्या घरात हे कुणालाही ठाऊक नव्हते.

पडणे यंत्राला कसे कळते, यात आत्याला मनापासून रस वाटला. घड्याळात गतीतला बदल आणि वळण मोजणारे संवेदक असतात. माणूस कोसळतो तेव्हा आधी क्षणभर वजन हरवल्यासारखी गती दिसते, मग आदळल्याचा मोठा धक्का, मग शरीराची दिशा बदललेली, आणि त्यानंतर हालचाल नाही. ही क्रमवारी जुळली की यंत्र पडल्याचा अंदाज बांधते. ॲपलचे घड्याळ आधी मनगटावर टकटक करून विचारते आणि माणूस साधारण मिनिटभर हलला नाही, तर मोजणी सुरू करून आपत्कालीन क्रमांकाला फोन लावते. तिने सगळे ऐकून घेतले आणि वर्गात विचारावे तसे विचारले, "चूक कुठल्या बाजूची जास्त होते? नसताना पडले म्हणणार, की पडल्यावर गप्प बसणार?" कोणतेही माहितीपत्रक या प्रश्नाचे उत्तर देत नाही. दोन्ही चुका होतात आणि एक कमी करायला गेले की दुसरी वाढते. धप्पकन खुर्चीत बसणे किंवा ओट्यावर हात आपटणे हे यंत्राला पडण्यासारखे वाटू शकते. याउलट भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसलेली, पलंगाच्या कडेवरून ओघळलेली, चक्कर येऊन दाराच्या चौकटीला टेकत खाली गेलेली बाई त्याला बहुधा दिसतच नाही, कारण त्यात धक्काच नसतो. म्हातारी माणसे पुष्कळदा अशीच पडतात. पडणे आपोआप ओळखण्याची सोय असावी. बेशुद्ध माणसाला तेवढाच आधार आहे. पण तिच्या भरवशावर बटणाची सवय न लावणे धोक्याचे आहे, असे माझे मत झाले, आणि आत्याचे आधीच झाले होते.

अंगावर घालण्याचा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही, म्हणून तो सविस्तर लिहिते. आत्याच्या मनगटावरची कातडी इतकी पातळ झाली आहे की भाजीची पिशवी अडकवली तरी जांभळा डाग उठतो. तिथे रबरी पट्टा घट्ट बांधला तर खाली घाम साचून पुरळ येणार आणि सैल बांधला तर संवेदक चुकणार. बकलाच्या पट्ट्याला दोन हात आणि बारीक नजर लागते, तिचा उजवा अंगठा संधिवाताने आखडला आहे. त्यामुळे वेल्क्रोचा कापडी पट्टा हवा होता. पडद्याला बोट लावायच्या घड्याळांवर तिचे कोरडे बोट दोनदा लावल्याशिवाय उमटत नाही आणि ओल्या हाताने तर भलतेच काही उघडते, म्हणून दाबल्याचे बोटाला समजेल असे खरे बटण हवे होते. लॉकेट छातीपाशी असल्याने पडणे ओळखायला सोयीचे असते म्हणतात, पण ते पदराखाली जाते, झोपेत अंगाखाली येऊन दाबले जाते. त्याची दोरी जोराच्या ओढीने आपोआप सुटणारी नसेल तर ती गळ्याला फास बसवू शकते, आणि अशा घटना परदेशात घडलेल्या आहेत. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी चुंबकाची पकड किंवा चुंबकाचा चार्जर असलेले काहीही छातीशी ठेवण्याआधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

आणि आंघोळ. आत्या आंघोळीला जाताना सगळे काढून ठेवते, पूजेला बसताना काढते, कणीक मळताना काढते. पडण्याची भीती सर्वांत जास्त जिथे, तिथेच यंत्र काढून ठेवले जाणार हे उघड होते. आयपीएक्स ७ असे लिहिलेले यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, पण ती चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्याची असते. कढत पाणी, साबण आणि वर्षभर वापरून सैल झालेले रबर ही वेगळी परीक्षा. चार्जिंगचेही तसेच. रात्री घड्याळ काढून चार्जिंगला लावायची आपल्याला सवय, आणि लघवीला उठून अंधारात न्हाणीघराकडे जायची वेळही रात्रीचीच. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे झोपेतून चटकन उभे राहिले की तोल जातो, हे डॉक्टर वारंवार सांगतात. म्हणून चार्जिंगची वेळ सकाळी दहाची ठरवली, कारण तेव्हा मावशी घरात असतात. ॲपल वॉचच्या बहुतेक प्रकारांची बॅटरी साधारण एखादा दिवसच चालते, म्हणजे ते रोजच काढावे लागेल. मला चार-पाच दिवस चालणारे साधे यंत्र जास्त बरे वाटले.

शेवटी घेतले ते मनगटी बटण, फोरजी सिमचे, वेल्क्रो पट्ट्याचे, आपोआप पडणे ओळखण्याची बेताची सोय असलेले. पण आंघोळीचा प्रश्न त्याने सुटला नव्हता. तो सुटला एका वायरलेस डोअरबेलने. वरच्या मजल्यावरचे काका इलेक्ट्रिकच्या दुकानातून काहीशे रुपयांची बेल घेऊन आले. तिची घंटा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये बसली आणि पाणी उडाले तरी चालेल असे तिचे बटण आत्याच्या न्हाणीघरात. ते कुठे लावायचे यावर थोडी चर्चा झाली, कारण सगळ्यांचे हात सवयीने दिव्याच्या बटणाच्या उंचीवर जात होते. पडलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचत नाही. आत्याने स्वतः न्हाणीघराच्या दारात जमिनीवर बसून, मग एका कुशीवर आडवी होऊन, हात लांब करून पेन्सिलीने भिंतीवर खूण केली. ती फरशीपासून वीतभर वर आली. या बेलला ना सिम लागते, ना रिचार्ज, ना आत्याने ती अंगावर घालायची आठवण. बॅटरी मात्र बदलावी लागते, आणि वरचे शेजारी घरात असावे लागतात.

फोनचा क्रम लावताना आमच्यातल्या काहींना थोडे वाईट वाटले असावे. बटण दाबले की पहिला फोन वर जातो, दुसरा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराला, तिसरा मला आणि अगदी शेवटी बंगळूर. न्यू जर्सीचे नाव यादीत नाही. तिथे दिवस असतो तेव्हा इथे रात्र, हे जरी सोयीचे वाटले तरी तिथून सांगलीतले दार उघडता येत नाही. यादीतल्या प्रत्येकाने यंत्राचा क्रमांक नावाने जतन करून घेतला, नाहीतर तो अनोळखी म्हणून कुणी उचलला नसता, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये रात्री आवाज बंद असतानाही त्या एका क्रमांकाची घंटा वाजेल अशी सोय करून दिली. हे काम यंत्र निवडण्यापेक्षा जास्त वेळ खाणारे निघाले, आणि कोणत्याही खोक्यावर ते लिहिलेले नसते.

आत्यानेही अटी घातल्या. यंत्रासोबतच्या ॲपमध्ये माणूस दिवसभर कुठे कुठे फिरला याचा नकाशा दिसतो. तो बंद हवा. "मी बँकेत गेले की भजनाला, हे तुम्हाला पुण्यात बसून कशाला कळायला हवं? बटण दाबलं तर बघा, नाही दाबलं तर बघू नका." हे मला अगदी योग्य वाटले आणि भावाला काळजीचे वाटले, शेवटी तिच्या हातावर बांधायची वस्तू असल्याने तिचेच चालले. दुसरी अट अशी की चुकून बटण दाबले गेले तर कुणीही हसायचे नाही आणि रागवायचेही नाही, कारण एकदा ओशाळलेली म्हातारी दुसऱ्यांदा खरेच पडली तरी दाबताना विचार करते. केंब्रिजच्या अभ्यासातले जे लोक समजून उमजून बटण दाबत नव्हते, त्यांच्यातल्या काहींचे मन असेच असेल, असे ती म्हणाली. मी तिला तो अभ्यास वाचून दाखवला होता.

न्हाणीघरात स्टीलचे आधारदांडे, न घसरणारी चटई, पलंगापाशी रात्रभर मंद जळणारा दिवा, आणि मोतीबिंदूची तपासणी ही कामेही याच ओघात उरकली. ज्यांना एकच गोष्ट करणे परवडते त्यांनी बटणाआधी दांडे बसवावेत, असे मी म्हणेन.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आत्या दोन्ही बटणे दाबून पाहते आणि काका दारात यायला किती वेळ लागला ते जुन्या हजेरीपटाच्या वहीत लिहिते. या वेळी तिने काकांना एक वेगळीच अडचण दाखवून दिली: दिवाळीत ते दोघे मुलीकडे हैदराबादला जाणार, मग तेवढे दिवस बेल कुणाकडे? औषधाचे दुकान रात्री बंद असते आणि दुकानदार मिरजेला राहतो. गच्चीवरच्या खोलीत वालचंद महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा भाड्याने राहतो. आत्याने त्याला परस्पर विचारले आहे. दिवाळीत तो घरी जाणार नाही, परीक्षा आहे, आणि रात्री तीनपर्यंत तो तसाही जागाच असतो, असे तिने मला फोनवर सांगितले. बेलची घंटा तिथपर्यंत पोहोचते का हे पाहण्यासाठी काका उद्या ती काढून गच्चीवरच्या प्लगमध्ये लावणार आहेत. मध्ये एक जास्तीचा स्लॅब आहे.